शृंगार कुठं संपतो आणि अश्लील कुठं सुरू होतं?



आजचा विषय जरा अवघड आहे. चारचौघांत तो काढायचा नाही, असं आपण ठरवून टाकलं आहे. पण आपण बोललो नाही म्हणून तो उंबऱ्याबाहेर थांबला, असं काही झालेलं नाही. म्हणून आज त्याविषयी सरळ बोलू या.

मागे एका गावी व्याख्यानासाठी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो असता तिथले एक वयस्कर गुरुजी म्हणाले, "बऱ्याच वर्षांपूर्वीची माझी एक चूक सांगतो. नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात कादंबरी सापडली. वरच्या चित्रात एकमेकांना बिलगलेले स्त्रीपुरुष. मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. सगळ्या वर्गापुढं त्याला उभं केलं, नको नको ते बोललो. पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत आलं नाही, ते पुढं कधीच आलं नाही. नंतर सुटीत मी ते पुस्तक वाचलं. एका विधवा बाईची आणि एका शेतकऱ्याची प्रेमकथा होती. दोन-तीन ठिकाणी धीटपणानं लिहिलं होतं, नाही असं नाही. पण त्यात घाण नव्हती. आता तुम्हीच सांगा, मी हे ओळखायचं तरी कशावरून?"

गुरुजींचा हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांचा आहे. दप्तरात पूर्वी पुस्तक सापडे, आता खिशात मोबाईल सापडतो, इतकाच फरक.

आपल्या जुन्या जाणकारांनी यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. एक शृंगार, दुसरा अश्लील. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत पहिलं नाव शृंगाराचं. काव्यशास्त्रात अश्लीलता मात्र दोषांच्या यादीत आली. ऐकून लाज वाटावी, किळस यावी किंवा अमंगळ वाटावं, असे तिचे तीन प्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त सांगितले. म्हणजे शृंगार वाढत वाढत गेला की त्याचं अश्लील होतं, असं त्या लोकांनी मानलं नाही. एक रस आणि दुसरा दोष. दोहोंची जातच वेगळी.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. महाराष्ट्री प्राकृतातली 'गाथासप्तशती' सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. तिच्यात गोदाकाठ आहे, शेतं आहेत, गावातल्या तरण्या बायका आणि तरणे गडी आहेत, त्यांच्या चोरट्या भेटीही आहेत. पुढं होनाजी बाळा, रामजोशी, परशराम यांनी लावण्या रचल्या. त्यांत शृंगार भरपूर, पण त्यामागं कोणाची तरी वाट पाहणं असतं, रुसवा असतो, मनधरणी असते.

गुरुजींना मी पहिली खूण सांगितली ती इथलीच. शृंगाराचे दोन भाग मानले आहेत: एक मीलनाचा, त्याला संभोग-शृंगार म्हणतात, दुसरा ताटातुटीचा, त्याला विप्रलंभ म्हणतात. प्रेमाच्या गोष्टीत विरह असतो, कारण तिथं हवी असते ती विशिष्ट व्यक्ती. ती गेली तर तिच्या जागी दुसरी चालत नाही. अश्लील लिखाणात विरह नसतो. तिथं एका बाईच्या जागी दुसरी आणली तरी काही बिघडत नाही, कारण तिथं बाई नसतेच. नुसतं शरीर असतं. पुष्कळदा तिला नावसुद्धा नसतं.

दुसरी खूण 'नाही' या शब्दाची. प्रेमकथेत कोणी 'नाही' म्हणालं, तर गोष्ट तिथं थांबते, वळण घेते, कोणाचं तरी मन दुखतं. अश्लील चित्रणात 'नाही'ला किंमत नसते. जबरदस्तीलाही तिथं मजा म्हणून दाखवतात, आणि बाईला ती आवडलीच, असं खोटं सांगतात. मुलांच्या मनात विष कालवतो तो हा खोटेपणा. उघड्या शरीरानं तितकं बिघडत नाही.

तिसरी खूण घरातली. भाजीत मीठ लागतं. कोणी कमी घालतो, कोणी जास्त. पण मीठ बाजूला काढलं तरी ताटात भाजी उरते. धीट लिहिलेली पानं वगळून बघा. माणसं, त्यांची सुखदुःखं, त्यांच्या वागण्याचे परिणाम, हे शिल्लक राहतं का? राहत असेल तर ती गोष्ट आहे, मग ती कितीही तिखटमीठ लावलेली असो. काहीच उरत नसेल, तर ताटात नुसतं मीठच वाढलं होतं, असं समजा.

न्यायालयांनाही हा प्रश्न सुटायला वेळ लागला, बरं का. इंग्लंडात १८६८ साली एक कसोटी ठरली: ज्यांचं मन सहज बिघडू शकेल त्यांच्या हाती पुस्तक पडलं, तर ते बिघडतील काय? आपल्याकडंही हीच कसोटी आली. लॉरेन्स या इंग्रज लेखकाची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १९६४ साली कायम केली.

मग मराठीतला एक खटला तिथवर गेला. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही गोष्ट 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. तिचा नायक एक कवी, आणि पेशानं शाळामास्तर! दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. गोष्ट मोठ्या दर्जाची नसेलही, पण पूर्ण वाचली असता ती अश्लील ठरत नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. इथं दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लिखाण सुमार असलं म्हणून ते अश्लील होत नाही. आणि एखादं पान फाडून त्यावरून निवाडा करायचा नसतो. पुढं २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ती १८६८ची जुनी कसोटीही सोडून दिली. आजच्या समाजाची सर्वसाधारण दृष्टी आणि संपूर्ण कृती, हे पाहावं, असं ठरलं. अश्लील वस्तू विकणं, पसरवणं हा मात्र गुन्हा आहेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ त्याला लागू आहे. आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं तसलं चित्रण हे शृंगारही नव्हे, वाङ्मयही नव्हे. तो मुलांवरचा अत्याचार आहे. तिथं कसोट्या लावत बसायचं नाही.

आता एक तिसरी वस्तू उरते, ती म्हणजे ज्ञान. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, वाचकांच्या शंका, यांवर ते उघड लिहीत. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. कर्वे तो खटला हरले. पण ज्ञान आणि चावटपणा एका दावणीला बांधू नयेत, हे बाबासाहेबांना त्या काळी पटलं होतं. आपल्याला अजून पटायचं आहे. मुलाला खरी माहिती कोणी दिली नाही, तर तो ती खोट्या ठिकाणाहून घेतो.

गुरुजींनी शेवटी विचारलं, "म्हणजे ती कादंबरी मी त्या पोराला वाचू द्यायला हवी होती?"

मी म्हटलं, "तसं नाही. पुस्तक अश्लील नाही म्हणजे ते लहानांसाठी आहे, असा अर्थ होत नाही. मोठ्यांच्या पुस्तकाला मोठं वय लागतं. पण तुम्ही ते आधी वाचायला हवं होतं. मग त्याला एकटं बोलावून, दार उघडं ठेवून, शांतपणे सांगायचं होतं, 'बाळ, हे वाईट नाही, पण तुला अजून वेळ आहे. काही विचारायचं असेल तर मला विचार.'"

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढं वाक्य त्या दिवशी मला सुचलं असतं, तर तो मॅट्रिक झाला असता."

श्रोते हो, ते वाक्य आपल्याला वेळेवर सुचावं, एवढ्यासाठीच हे भाषण.