तळहाताचा घाम आणि माणसाचा स्वभाव

तोंडी परीक्षेत मुलाचे तळवे ओले झाले की आपण लगेच ठरवून टाकतो: पोरगं भित्रं आहे. हा अन्याय आहे. तळहाताच्या घामग्रंथी शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेच्या ताब्यात असतात आणि भीतीइतक्याच त्या उत्सुकतेने, दचकण्याने किंवा मनातल्या मनात केलेल्या अवघड गुणाकारानेही पाझरतात. त्वचेतून अगदी सौम्य वीज सोडून हा ओलावा मोजता येतो. शरीर चाळवलं एवढंच त्यातून कळतं, कशाने ते नाही.

अबोल माणूस आतून थंड असतो, हाही असाच एक समज. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७ साली नेमकं उलट मांडलं: अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून त्यांना गोंगाट सोसत नाही. जिभेवर लिंबाचा रस टाकला तर त्यांना लाळही जास्त सुटते, हे दाखवणारे प्रयोग गाजले. पुढच्या मोजमापांनी या सिद्धान्ताला मुरड घातली. स्वस्थ बसलेल्या अंतर्मुख आणि बहिर्मुख माणसांत ठळक फरक सापडेना. मध्यम आवाज कानावर पडला की मात्र अंतर्मुखांचं शरीर अधिक प्रतिसाद देतं.

सर्वांत पक्का गैरसमज काळजीखोर माणसांबद्दल आहे. ‘माझं काळीज सारखं धडधडतं’ असं सांगणाऱ्याची नाडी इतरांपेक्षा जोरात उडत असेल, असं आपण धरून चालतो. जर्मनीत फ्रायबुर्गचे मानसशास्त्रज्ञ योखेन फारेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजून पाहिलं, पण प्रश्नावलीतली चिंता आणि यंत्रावरचे आकडे यांचा मेळ फारसा बसला नाही. म्हणून त्या माणसाला खोटं ठरवू नये. त्याचं लक्ष धडधडीकडे जास्त असतं आणि त्रास खराच असतो. शिवाय ताणाची वाट प्रत्येकाची वेगळी: कुणाचं हृदय धावतं, कुणाचे फक्त तळवे भिजतात. एकच खूण मोजली तर दुसरा माणूस उगाच निर्धास्त ठरतो.

‘खोटं पकडणारं यंत्र’ श्वास, रक्तदाब आणि घाम हेच नोंदतं. संशयाने घाबरलेला निरपराध माणूस त्यात सहज सापडतो, सराईत गुन्हेगार निसटू शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात सांगितलं, की संमतीशिवाय कुणालाही या चाचणीला बसवता येणार नाही.