फळीवरची पुस्तकं आणि कुरडईचा चीक

आमच्या बडनेऱ्याच्या घरात पुस्तकांचं कपाट बाहेरच्या खोलीत आहे. पण चार पुस्तकं आणि एक वही मात्र स्वयंपाकघरातच राहतात, तिखट-मिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. त्यांना बाहेर कपाटात ठेवण्यासारखं रूपच उरलेलं नाही. कुणाची पाठ सुटलीय, कुणाच्या पानांत गुळाचा चिकटा आहे. ‘रुचिरा’ तर अशी झालीय, की हे म्हणतात, नुसती पाण्यात उकळली तरी तिची आमटी होईल.

ही ‘रुचिरा’ माझ्या रुखवतात होती. १९७८ साली लग्न होऊन मी सातारा भागातून इकडे आले. हे रेल्वेत, घर नव्या वस्तीत. घरात सासूबाई, एक नणंद, एक दीर. आईनं रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी हे पुस्तक ठेवलं होतं आणि मला वाटत होतं, की आता कसलीच काळजी नाही.

पहिल्याच आठवड्यात बाजारात भाजीवाल्या मावशींनी विचारलं, ‘सांबार देऊ का?’ मी म्हटलं, ‘नको, आज इडली नाही केलेली.’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं सासूबाईंनी कोहळं आणायला सांगितलं, तर मी पेठ्याचं पांढरं कोहळं शोधत हिंडले. त्यांना हवा होता लाल भोपळा, बोंडं करायला. बटाट्याला आलू, आल्याला अद्रक, शेंगदाण्याला फल्लीदाणे, पिठल्याला चून. माझ्या पुस्तकाच्या मागच्या सूचीत यातला एकही शब्द सापडेना. सासूबाई म्हणाल्या, ‘काऊन वं सूनबाई, पुस्तक तुयं पुन्याचं, न् चूल बडनेऱ्याची. जमन कसं?’

तरीही सांगते, जमलं ते बरंचसं त्या पुस्तकामुळेच. मराठीत पाककृतींची पुस्तकं काही नवी नव्हती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. (सूप म्हणजे हॉटेलातलं नव्हे, संस्कृतात सूप म्हणजे वरण आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. पण कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली तेव्हा घरं बदलू लागली होती. नोकरीच्या गावी नवरा-बायको दोघंच राहायची. ‘बेताचं पाणी घालावं’ असं लिहिलं, तर बेत म्हणजे किती हे विचारायला घरात मोठं माणूसच नसायचं. कमलाबाईंनी तो बेत वाटी-चमच्यांत मांडून दिला. ताजवा नको, मापी पेला नको. या पुस्तकाच्या प्रती लाखाच्या वर खपल्या, त्यामागं पाककृतींइतकाच या वाटीचा हात आहे असं माझं मत आहे.

वाटीचं माप चालतं का आणि कुठं चालत नाही, हे मला फार उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझी वाटी आणि तुमची वाटी सारखी नसते. तरी शिरा दोघींचाही चांगला होतो. कारण एक वाटी रवा, एक वाटी साखर, अर्धी वाटी तूप, दोन वाट्या पाणी हे सगळं एकाच वाटीनं मोजलं, की वाटी केवढीही असली तरी पदार्थांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. घोटाळा होतो तो दुसरीकडे. कृतीत रवा वाटीनं आणि गूळ ‘पाव किलो’ असं आलं, की वाटीचं मोठेपण-लहानपण लगेच अंगाशी येतं. चिरलेला गूळ वाटीत अलगद भरला तर एक वजन, दाबून भरला तर दुसरंच. पिठाचंही तसंच. पाहुणे आले म्हणून सगळं चौपट केलं, तर तांदूळ-डाळ चौपट ठीक, पण पाणी चौपट लागत नाही. पाण्याची वाफ किती जाणार ते भांड्याच्या तोंडावर आणि किती वेळ उकळतंय त्यावर ठरतं, आत किती शिजतंय त्यावर नव्हे. माझ्या दिराच्या साखरपुड्याला मसालेभाताचा जो गोळाभात झाला, तो या हिशेबापायी. वऱ्हाडी मंडळींनी तो गोळाभात म्हणूनच आवडीनं खाल्ला, हे माझं नशीब.

आणि हवा! मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. कोठीतलं पीठ असं कोरडं ठणठणीत होतं, की पुस्तकातल्या पाण्यात कणीक भिजतच नाही. पावसाळ्यात तेच पाणी जास्त होतं. तिखटाचं तर विचारूच नका. पुस्तकात ‘चार चमचे तिखट’ लिहिणाऱ्या बाईंच्या डोळ्यांपुढं कदाचित रंगाची बेडगी असेल. आमच्या डब्यात भिवापुरी. पहिल्या वेळी घरातली पाचही माणसं डोळे पुसत जेवली. तेव्हापासून माझ्या ‘रुचिरा’त पेन्सिलीनं लिहिलेलं आहे : ‘भिवापुरी असेल तर निम्मं.’ अशा नोंदी आता इतक्या झाल्यात, की पुस्तक निम्मं कमलाबाईंचं आणि निम्मं माझं म्हणायला हरकत नाही.

भाकर मात्र कुठल्याच पुस्तकानं मला शिकवली नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पीठ नुसत्या गार पाण्यानं एकजीव होत नाही. आधणाचं पाणी घातलं, की पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच पीठ बांधून धरतो. पीठ फार दिवसांचं होऊन विरी गेलेलं असलं, तर आधणाशिवाय गत्यंतरच नाही. हे कारण मी पुढं वाचलं. सासूबाई दुसरी शिकलेल्या, त्यांना स्टार्च ठाऊक नव्हता. त्या एवढंच म्हणायच्या, ‘पानी किती लिवलं हाये ते राहू दे, पीठ काय म्हन्ते ते पाह्य.’

फळीवरचं दुसरं पुस्तक मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’. ते मी अमरावतीला राजकमल चौकाकडे गेले असताना घेतलं आणि सणावाराला तेच काढते. तिसरं दुर्गाबाई भागवतांचं ‘खमंग’. लोकसंस्कृतीच्या एवढ्या मोठ्या अभ्यासक, १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणि स्वयंपाकावर अशा हौसेनं लिहितात, याचंच मला पहिल्यांदा अप्रूप वाटलं. हे पुस्तक मी रांधायला कमी आणि वाचायला जास्त वापरते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन पानं होतात. दोन हजारच्या दशकात ‘ई-टीव्ही मराठी’वर नागपूरचे विष्णू मनोहर ‘मेजवानी’ करू लागले आणि आपल्या बाजूचा माणूस पडद्यावर रांधतोय, याचा घरात सगळ्यांनाच आनंद झाला. सासूबाई समोर बसून त्यांच्या चुका काढायच्या. टीव्हीवरच्या माणसाच्या चुका काढायला मिळणं हा मान त्यांनी आणखी कुणाला दिला नाही.

चौथं पुस्तक लेकीनं आणून दिलं : शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. २०१५ साली आलेलं, मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्यावरचं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला. वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा करायच्या, कोणाच्या वाट्याला जनावराचा कुठला भाग यायचा, तेल नसताना कालवण कसं व्हायचं, हे मी त्यात प्रथम वाचलं. पंचेचाळीस वर्षं स्वयंपाकाची पुस्तकं वाचणाऱ्या मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या फळीवरच्या बाकीच्या पुस्तकांची सूची पुन्हा नीट पाहिली. ती ‘महाराष्ट्रीय’ जेवणाची सूची म्हणून मी वाचत आले होते. ती काही घरांची होती. ती घरं चांगली रांधणारी होती यात शंका नाही, पण काहीच. मला बाजारात ‘सांबार’ सापडला नाही म्हणून मी रडले होते. इथं तर अख्ख्या वस्त्यांची चूल कोणत्याच सूचीत नव्हती.

आणि मग मला वहीची आठवण होऊन चांगलंच टोचलं. ही फळीवरची पाचवी गोष्ट. १९९४ च्या सुमारास सासूबाईंना मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला, तेव्हा मी त्यांच्याकडून एकेक पदार्थ लिहून घ्यायला बसले. रोडगे, सांबारवडी, पाटोडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, कोहळ्याची बोंडं, जवसाची चटणी, कुरडया. त्या सांगत, मी लिही. पण लिहिताना मी काय केलं? त्या म्हणाल्या ‘सांबार’, मी लिहिलं ‘कोथिंबीर’. त्या म्हणाल्या ‘अद्रक’, मी लिहिलं ‘आले’. सांबारवडीपुढं कंसात ‘म्हणजे पुडाची वडी’. आणि ओंजळ, मूठ, पसा, चिमूट या त्यांच्या मापांच्या मी वाट्या करून टाकल्या. त्यांची ओंजळ वाटीत ओतून मोजायचे, आकडा लिहायचे आणि मोठं शास्त्रीय काम केल्यासारखी पुढं जायचे. मधे त्या जे बोलत, ते गप्पा म्हणून सोडून द्यायचे.

सासूबाई २००९ साली गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी वही उघडून कुरडया घातल्या. कुरडईचं थोडक्यात असं, की गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून पिळून त्यातला चीक काढायचा. तो निवू द्यायचा, वरचं पाणी टाकायचं आणि खालचा पांढरा चीक आधणात शिजवून, घोटून, सोऱ्यातून पाडायचा. वहीत स्वच्छ अक्षरात होतं : ‘एक वाटी चीक, एक वाटी पाणी.’ तसंच केलं. कुरडया वाळताना तुटल्या, तळताना फुलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी पाणी वाढवलं, तर त्या कापडालाच चिकटून बसल्या. दोन उन्हाळ्यांचे दहा किलो गहू गेले. घरात कुणी काही बोललं नाही, पण ताटात विकतच्या कुरडया आल्या.

शेवटी नणंदेला फोन केला. ती दर्यापूरला असते. ती म्हणाली, ‘वहिनी, एक वाटी चीक खरा, पण तो किती घट्ट? माय काय म्हणायची आठवते का? रात्रभर निवू द्यायचा, सकाळी वरचं पानी पार काढायचं, न् बोट फिरवलं की दह्यावानी कटला पाह्यजे. मंग वाटीनं मोजायचा.’ आठवलं! मी समोर बसलेले असताना त्या बोट फिरवून दाखवत होत्या आणि मी मान खाली घालून ‘एक वाटी’ लिहीत होते. पातळ चिकाच्या वाटीत निम्मं पाणीच असतं. मग त्यावर आणखी वाटीभर पाणी घातलं की काय होणार? आकडा बरोबर होता. तो ज्या खुणेवर उभा होता, ती खूण मी गाळली होती.

आता वहीच्या समोरच्या कोऱ्या पानांवर मी पुन्हा लिहायला घेतलं आहे. या वेळी त्यांच्याच शब्दांत. सांबार तो सांबारच. मापाच्या जागी ओंजळ, आणि पुढं बारीक अक्षरात, की त्यांची ओंजळ माझ्या सव्वा वाटीएवढी भरायची. नणंदेला विचारून, शेजारच्या दोघी-तिघींना विचारून बरंच भरून काढलं. रोडग्यांच्या कणकेचे पदर एकावर एक कसे लावायचे आणि गोवऱ्यांचा निखारा कधी पांढरा पडला म्हणजे ते आत सारायचे, हे दीराला आठवत होतं. पुरुष माणसं शेतात रोडगे करत, म्हणून.

जवसाच्या चटणीचं पान मात्र अजून अर्धंच आहे. त्यात त्या शेवटी काहीतरी घालायच्या, भाजलेलं, अगदी चिमूटभर. वहीत ते नाही. नणंद म्हणते कढीपत्ता, दीर म्हणतात लसणाची टरफलं. दोन्ही करून पाहिलं. दोन्हीही ते नाही. नात पुण्याला शिकते. गेल्या रविवारी तिनं फोनवर वहीच्या पानांचे फोटो मागितले, मी पाठवले. तासाभरानं तिचा फोन आला : ‘आजी, इथं भाजीवाल्याकडे सांबार मागितला, तर तो हसला.’