ई-रीडर घ्यायचा तर आधी अक्षर पाहा

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयासाठी वापरतात आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यासाठीही. वाढत्या वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळचे पाहताना त्याचा आकार पूर्वीसारखा बदलत नाही आणि हातातले वर्तमानपत्र हळूहळू लांब जाऊ लागते. चष्मा लागला तरी जुन्या कादंबऱ्यांतला बारीक टाइप, पिवळा पडलेला कागद आणि खोलीतला मंद दिवा यांपुढे अनेकांचे वाचन मंदावते. मोबाइल हाताशी असतो. पण त्यावर पुस्तक उघडले की दहा मिनिटांत एखादा संदेश येतो आणि पुस्तक मागे पडते. अशा वाचकांना ई-रीडर उपयोगी पडू शकतो. मात्र त्याचे प्रकार इतके आहेत, की पैसे नेमके कशासाठी मोजायचे हे दुकानात जाण्याआधीच ठरवलेले बरे.

शाईचा पडदा

मोबाइल आणि टॅब्लेटचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे व काळे विद्युतभारित कण तरंगत असतात. विद्युतदाब दिला की त्यांतले एका रंगाचे कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर तसेच राहण्यासाठी वीज लागत नाही. ती लागते फक्त पान उलटताना. त्यामुळे एकदा चार्ज केलेला ई-रीडर रोज थोडा वेळ वाचणाऱ्याला काही आठवडे पुरतो. भर उन्हात मोबाइलचा पडदा फिका पडतो, तर ई-रीडरवरचे अक्षर अधिकच ठळक दिसते.

अमेरिकेतल्या एमआयटीमधील संशोधनातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी उभी राहिली. या शाईचा पडदा असलेला सोनीचा ई-रीडर २००४ मध्ये जपानमध्ये आला, तर ॲमेझॉनचे किंडल २००७ मध्ये. आज बहुतेक ई-रीडरमध्ये याच कंपनीचे पडदे असतात. साहजिकच स्वस्त आणि महाग यंत्रांमधला फरक अनेकदा पडद्याच्या जातीत नसून आकारात आणि सोयींमध्ये असतो.

डोळ्यांना खरेच आराम?

याचे उत्तर जाहिरातींमध्ये असते तितके सोपे नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये बारा वाचकांवर केलेल्या छोट्या अभ्यासात, टॅब्लेटवर वाचताना डोळे अधिक थकले; ई-रीडर आणि छापील पुस्तकावर ते कमी थकले. त्याआधी, २०१२ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात मात्र दोन्ही प्रकारच्या पडद्यांवरचे वाचन जवळपास सारखेच ठरले होते. पडद्याच्या तंत्रापेक्षा त्यावरच्या प्रतिमेचा दर्जा महत्त्वाचा असतो, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता. खरेदी करणाऱ्याने यातून एवढे लक्षात ठेवावे: अक्षर जितके रेखीव आणि मोठे, तितका डोळ्यांवरचा ताण कमी.

झोपेचा मुद्दा थोडा वेगळा आहे. अमेरिकेत बारा निरोगी प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी काही तास पूर्ण प्रकाशातल्या टॅब्लेटवर वाचलेल्यांना, छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक दीड तासाने उशिरा वाढले. ई-रीडरमधला दिवा पडद्याच्या कडेला बसवलेला असतो. त्याचा प्रकाश आधी पानावर पडतो आणि तिथून परतून डोळ्यांपर्यंत येतो. तो अगदी मंद ठेवता येतो, हा मोठा फायदा. पण हाच दिवा पूर्ण लावून मध्यरात्रीपर्यंत वाचले, तर डोळ्यांवर प्रकाश पडायचा तो पडतोच.

कशासाठी पैसे मोजावेत?

पहिली गोष्ट, पडद्याची सूक्ष्मता. एका इंचात किती ठिपके मावतात ते ‘पीपीआय’ या मापाने सांगतात. जुन्या स्वस्त यंत्रांमध्ये ते १६७ असे. आता साध्या यंत्रांतही ३०० मिळते. देवनागरीसाठी हा फरक मोठा आहे. अनुस्वार, रफार, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला भेद हे सारे काही ठिपक्यांवरच ठरते. त्यामुळे ३०० पीपीआयपेक्षा कमी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, पडद्याचा दिवा. जुन्या आणि अगदी स्वस्त काही यंत्रांमध्ये तो नसतो. संध्याकाळनंतर वाचणाऱ्यांनी तिथे काटकसर करू नये. प्रकाश पिवळसर करण्याची सोय असली तर चांगलेच, पण तिच्यावाचून अडत नाही.

तिसरी गोष्ट, वजन. सहा इंची ई-रीडर साधारण १६० ते १७५ ग्रॅमचा असतो. बोटांचे सांधे दुखणाऱ्याला जाडजूड कादंबरी पेलण्यापेक्षा तो धरणे सोपे जाते.

काही गोष्टी सोडून देता येतात. रंगीत पडदा त्यांपैकी एक. आजच्या अनेक रंगीत ई-रीडरमध्ये काळी अक्षरे ३०० पीपीआयची असली तरी रंगीत चित्रे १५० पीपीआयचीच दिसतात आणि रंगांच्या थरामुळे पानही थोडे मळकट वाटते. केवळ मजकूर असलेले पुस्तक एक-दोन एमबीचे असते, त्यामुळे आठ जीबीमध्येही हजारो पुस्तके मावतात. पाण्यापासून संरक्षण, लिहिण्याचे पेन, मोठा पडदा या सोयींचा उपयोग आहे. पण रोज तासभर कथा-कादंबरी वाचणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते.

पुस्तके येणार कुठून?

मराठी वाचकाने हा प्रश्न यंत्र निवडण्याआधी विचारायला हवा. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी ई-पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली. मात्र एका दुकानातून घेतलेले कुलूपबंद पुस्तक सहसा त्याच दुकानाच्या यंत्रावर किंवा ॲपमध्ये उघडते. काही पुस्तके विक्रेत्याच्या मोबाइल ॲपमध्येच वाचता येतात. ती हवी असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागतो. तो तुलनेने महाग असतो आणि त्याची बॅटरीही लवकर संपते.

दुसरी अडचण पीडीएफची. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक मौलिक ग्रंथ मोफत मिळतात, पण ते पीडीएफ स्वरूपात. पीडीएफमधले पान छायाचित्रासारखे ठरलेल्या मापाचे असते. सहा इंची पडद्यावर ते आक्रसते आणि अक्षर मोठे करायला गेले की ओळ पडद्याबाहेर जाते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली पीडीएफ दुसऱ्या स्वरूपात बदलायला गेल्यास अनेकदा अगम्य चिन्हे उमटतात. ‘ईपब’ स्वरूपात मात्र अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. चाळिशी ओलांडलेल्यांसाठी ई-रीडरचा खरा लाभ हाच आहे. मुख्यतः पीडीएफच वाचायच्या असतील, तर सहा इंची यंत्र घेऊन निराशा पदरी येईल. त्यापेक्षा घरातला टॅब्लेट बरा.

वापरलेला ई-रीडर घेऊन बरीच बचत होऊ शकते. तो घेताना एखादे मराठी पुस्तक उघडून जोडाक्षरे नीट जुळतात का, वेलांटी योग्य जागी पडते का, हे पाहावे. पडद्यावर न मिटणाऱ्या रेषा नाहीत ना आणि आधीच्या मालकाने आपले खाते काढून टाकले आहे ना, याचीही खात्री करावी.

यंत्र आले तरी

चांगला पडदाही डोळ्यांची निगा राखण्याची जागा घेत नाही. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतात. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण बरेच घटते आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे नजर टाकावी. खोलीत दिवा असू द्यावा आणि यंत्र चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरावे. अक्षर कितीही मोठे केले तरी धूसरच दिसत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील किंवा डोके वारंवार दुखत असेल, तर दोष यंत्राचा नसण्याचीच शक्यता अधिक. मोतीबिंदूची सुरुवात किंवा चष्म्याचा बदललेला नंबर ही कारणे तपासणीतच कळतात. म्हणून चाळिशीनंतर ई-रीडरवर खर्च करण्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन यावे. कदाचित नवा चष्मा लागताच कपाटातली जुनी पुस्तकेही पुन्हा वाचता येऊ लागतील.