समुद्रपुष्पाच्या विषप्रथिनांवर ऑक्सिडीभवनाचा होणारा परिणाम

प्रस्तावना

समुद्रपुष्प अर्थात सी ॲनिमोन हा जेलीफिश व प्रवाळ यांच्या नात्यातील, निडारिया या संघात मोडणारा प्राणी आहे. तो खडकाला किंवा समुद्रतळाला चिकटून राहतो व भक्ष्याचा पाठलाग करू शकत नाही. तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांवर असलेल्या दंशपेशींतून सुटणारे विष हेच त्याचे शिकारीचे व संरक्षणाचे साधन होय. हे विष प्रामुख्याने प्रथिने व लहान पेप्टाइडे यांचे बनलेले असते. प्रथिनाचे कार्य त्याच्या त्रिमितीय रचनेवर अवलंबून असल्यामुळे रचनेतील एखाद्या ॲमिनो आम्लात रासायनिक बदल झाल्यास विषाची क्रियाशीलता कमी होऊ शकते. असा बदल घडवून आणणारी एक महत्त्वाची प्रक्रिया म्हणजे ऑक्सिडीभवन. कॅरिबियन समुद्रात आढळणाऱ्या स्टायकोडॅक्टिला हेलिअँथस या एकाच जातीतील दोन भिन्न विषांच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

ऑक्सिडीभवनाचे लक्ष्य

मुक्त मूलके, हायड्रोजन पेरॉक्साइड, एकक ऑक्सिजन इत्यादी क्रियाशील घटक प्रथिनातील सर्व ॲमिनो आम्लांवर सारख्या वेगाने क्रिया करीत नाहीत. गंधकयुक्त सिस्टीन व मिथिओनिन, तसेच वलयी रचनेची ट्रिप्टोफॅन, टायरोसिन व हिस्टिडीन ही ॲमिनो आम्ले त्यांना प्रथम बळी पडतात. मिथिओनिनचे मिथिओनिन सल्फॉक्साइड होते. ट्रिप्टोफॅनचे वलय फुटून एन-फॉर्मिलकाइनुरेनिन व पुढे काइनुरेनिन तयार होते. दोन टायरोसिन एकमेकांस जोडली जाऊन डायटायरोसिन बनते. यांपैकी मिथिओनिन सल्फॉक्साइड हे विशिष्ट विकरांच्या साहाय्याने सजीवांमध्ये पूर्ववत होऊ शकते. ट्रिप्टोफॅनचे फुटलेले वलय मात्र पुन्हा जुळत नाही.

स्टायकोलायसिन : छिद्रे पाडणारे प्रथिन

स्टायकोलायसिन १ व २ ही ॲक्टिनोपोरिन गटातील प्रथिने असून त्यांत अनुक्रमे १७६ व १७५ ॲमिनो आम्ले असतात. ती पेशीपटलातील स्फिंगोमायलिन या मेदद्रव्यास ओळखून पटलास चिकटतात. नंतर अनेक रेणू एकत्र येतात व प्रत्येकाच्या आरंभीचे सर्पिल टोक पटलात शिरून छिद्र तयार होते. याच गटातील फ्रॅगेसियाटॉक्सिन सी या प्रथिनाच्या छिद्राची रचना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आठ रेणू वर्तुळाकार मांडणीत आढळले. लाल रक्तपेशींच्या पटलास अशी छिद्रे पडली की पेशीत पाणी शिरून ती फुटते. या रक्तविलयनाचा वेग मोजून विषाची क्रियाशीलता ठरविली जाते.

या प्रथिनांत सिस्टीन अजिबात नसते. त्यामुळे ऑक्सिडीभवनाचे सर्वांत परिचित लक्ष्यच येथे अनुपस्थित आहे. यावरून ही प्रथिने सुरक्षित असावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. स्टायकोलायसिन २ ची स्फटिकरचना २००३ मध्ये उलगडली. पटलाला भिडणाऱ्या बाजूस ट्रिप्टोफॅन व टायरोसिन यांचा पुंजका असल्याचे तीत दिसते. ॲक्टिनिया इक्विना या जातीतील इक्विनाटॉक्सिन २ या सजातीय प्रथिनात पाच ट्रिप्टोफॅन आहेत. त्यांपैकी ११२ व ११६ या स्थानांवरील ट्रिप्टोफॅन पटलाशी होणाऱ्या जोडणीसाठी विशेष महत्त्वाचे ठरले आहेत. म्हणजेच जे ॲमिनो आम्ल सहज ऑक्सिडीभूत होते, तेच विषाच्या कार्यस्थानी उघडे आहे.

क्यूबा व चिली येथील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्टायकोलायसिन २ वर पेरॉक्सिल मूलकांची क्रिया घडवून आणली. त्यासाठी उष्णतेने विघटित होऊन सातत्याने मूलके निर्माण करणारे ॲझो संयुग वापरण्यात आले. ट्रिप्टोफॅनमध्ये बदल होत गेला व प्रथिनाची रक्तविलयन क्षमता घटली. ट्रिप्टोफॅनवर अतिनील प्रकाश टाकला असता ते अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते. या गुणधर्मास प्रतिदीप्ती म्हणतात. वलय फुटले की ही प्रतिदीप्ती मंदावते. त्यामुळे हानीचा मागोवा प्रकाशमापनाद्वारेही घेता येतो.

एसएचके : ऑक्सिडीभवनाची दोन रूपे

याच समुद्रपुष्पातील एसएचके हे विष अवघ्या ३५ ॲमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. ते केव्ही १.३ या पोटॅशियम मार्गिकेचे मुख बंद करते. ही मार्गिका स्वयंप्रतिरक्षित विकारांशी संबंधित टी-पेशींच्या कार्यासाठी आवश्यक असल्याने एसएचकेपासून औषधे विकसित करण्याचे प्रयत्न झाले. त्यांपैकी डालाझाटाइडच्या सोरायसिस रुग्णांवरील प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

एसएचकेमध्ये सहा सिस्टीन असून त्यांच्यात तीन डायसल्फाइड बंध असतात. हे बंध ऑक्सिडीभवनानेच निर्माण होतात व त्यांच्यामुळेच पेप्टाइडास स्थिर आकार लाभतो. येथे ऑक्सिडीभवन हानिकारक नसून रचनेची पूर्वअट आहे. मात्र २१ व्या स्थानावरील मिथिओनिनच्या बाबतीत तेच दोषरूप ठरते. मार्गिका बंद करण्यात निर्णायक असलेले लायसिन २२ व टायरोसिन २३ त्याच्या लगतच आहेत. मिथिओनिनचे सल्फॉक्साइड झाल्यास रेणुभार १६ डाल्टनने वाढतो व साठवणुकीत शुद्ध औषधाऐवजी दोन रूपांचे मिश्रण तयार होते. हा धोका टाळण्यासाठी २००९ मध्ये वर्णन केलेल्या एसएचके-१९२ या सुधारित रूपात मिथिओनिनऐवजी गंधकविरहित नॉरल्युसिन योजण्यात आले.

व्यावहारिक महत्त्व

स्टायकोलायसिनचा रेणुभार सुमारे १९ हजार डाल्टन आहे. एका ट्रिप्टोफॅनचे एन-फॉर्मिलकाइनुरेनिन झाल्यास त्यात केवळ ३२ डाल्टनची भर पडते. एकूण प्रथिनाचे प्रमाण मोजणाऱ्या नेहमीच्या चाचण्यांत एवढा बदल लक्षात येत नाही. परिणामी कुपीवर नोंदलेले विषाचे प्रमाण व त्याची प्रत्यक्ष क्रियाशीलता यांत तफावत पडू शकते आणि तिच्यावर आधारलेले मात्रेचे निष्कर्ष चुकू शकतात. म्हणून जुन्या नमुन्यांबाबत प्रथिनमापनासोबत रक्तविलयन चाचणी, प्रतिदीप्ती व वस्तुमान वर्णपटमापन यांची जोड देणे आवश्यक ठरते. नमुने थंड, अंधाऱ्या जागी व शक्यतो ऑक्सिजनच्या संपर्काविना ठेवणे हेही तितकेच गरजेचे आहे.

निष्कर्ष

ऑक्सिडीभवनामुळे विषप्रथिनाची होणारी हानी किती ॲमिनो आम्ले बदलली यापेक्षा कोणते ॲमिनो आम्ल कोणत्या स्थानी बदलले यावर अधिक अवलंबून असते. सिस्टीनरहित स्टायकोलायसिन ट्रिप्टोफॅनमुळे दुर्बळ ठरते, तर एसएचकेमध्ये सिस्टीनचे ऑक्सिडीभवन उपकारक व शेजारील मिथिओनिनचे ऑक्सिडीभवन अपायकारक असते. विषापासून औषध घडविताना त्याचे दुर्बळ स्थान आधी शोधणे, हाच या दोन उदाहरणांतून मिळणारा बोध होय.