दारातली मर्सिडीज आणि भाट्याचा खारा वारा

मुंबईत ऐटीत फिरलेली मोठी गाडी निवृत्त मालकाबरोबर गावी येते, हे रत्नागिरीला आता नवीन राहिलेलं नाही. मर्सिडीज 1995 पासून पुण्याजवळ पिंपरीत, टेल्कोच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. 2001 मध्ये औरंगाबादेतून स्कोडाची ऑक्टाव्हिया आली. त्या पिढीच्या गाड्या जुन्या बाजारात आज नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्तात मिळतात. घ्यायला स्वस्त, पोसायला नाही. त्यामुळे घरच्या घरी काय काय करावं, याबद्दल भाट्याच्या पुलापासून पावसपर्यंत सल्ल्यांना तोटा नाही. त्यातले बरेच सल्ले गाडीच्या मुळावर येणारे आहेत.

खिशाला सगळ्यात जड जाणारा समज असा: "डॅशबोर्डवर दिवे लागले, काच खाली जाईना, म्हणजे कॉम्प्युटर गेला." कॉम्प्युटर जातोही, पण त्याच्या आधी बघायच्या गोष्टी दोन: आत शिरलेलं पाणी आणि बिघडलेलं अर्थिंग.

पाण्याची वाट भाट्याला सुरूचं बन दाखवतं. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या कडेला, पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ असते आणि तिच्या टोकांना बोटभर रुंदीची भोकं. आंब्याचं पान पन्हळीवरच्या जाळीवर अडतं, हाताने उचलून टाकता येतं. सुरूची काडी जाळीतून उभीच आत उतरते. अशा काड्या खाली साठून चटईसारख्या विणल्या जातात आणि भोकं बुजतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुंबलेली पन्हळ जुलैच्या एका सरीत भरते आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने गालिच्याखाली जातं. गालिचा वरून कोरडा लागतो, खालचा फोम मात्र निथळत असतो, आणि बऱ्याच जर्मन गाड्यांत वायरिंगचे जोड नेमके तिथेच असतात. मे संपायच्या आत जाळी काढा, काड्या हाताने उपसा आणि तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली धारेने पडतंय का ते बघा. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही अशाच तुंबतात. त्यांत कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटतो. बागेतल्या गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलकेच सरकवली की काम होतं.

अर्थिंग तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि घरातल्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. बॅटरी सोडवायची, बोल्ट काढायचा, दोन्ही बाजू पॉलिशपेपरने चकचकीत करायच्या, घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलीन. कॉम्प्युटर बदलायच्या आधी एवढं तरी झालंच पाहिजे. अनेक गाड्यांत बॅटरी डिकीत असते. तिथल्या चटईखाली पाणी साठलंय का, तेही त्याच फेरीत बघून घ्यावं.

"स्कॅनर लावला की काय बिघडलं ते कळतं," हाही असाच अर्धवट विश्वास. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा स्वस्तातला स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅग किंवा एबीएसचे बहुतेक वेळा वाचत नाही. आणि कोड म्हणजे भागाचं नाव नव्हे. पी 0171 सांगतो की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. कारण फाटलेला रबरी पाइप असू शकतं, फिल्टर असू शकतं, पंप असू शकतो. कोड वाचून थेट सेन्सर मागवणारे पैसे वाया घालवतात.

पावसाळ्यापूर्वी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची पद्धत कोकणात जुनी आहे. पत्र्याला त्याने थोडा आसरा मिळतो, हे खरं. पण सस्पेन्शनचे रबरी बुश खनिज तेलाने फुगतात आणि मऊ पडतात, आणि थेंब ब्रेकच्या डिस्कवर गेला तर गाडी थांबायचीच नाही. मेणाचा गंजरोधक फवारा महाग वाटला तरी तोच घ्या, आणि तोही गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावर. कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पाऊस नसतानाही पत्र्याचा सांधा ओलाच राहतो आणि गंज चालूच राहतो. गाडी वाळूवर नेली नाही म्हणजे सुटलो, असं इथे नसतं. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली तर ओल कोंडून राहते. नुसतं छप्पर त्याहून बरं.

"गाडी फारशी चालत नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?" ब्रेक ऑइल उभ्या गाडीतही हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं कोरडं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही हमी 155 अंशांवर येते. आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला आणि ऑइल उकळलं, तर पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. रोज पाच मिनिटं इंजिन जागेवर सुरू ठेवण्यानेही फायदा नाही, बॅटरी नीट भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पावसला जाऊन या.

गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभरासाठी" असतं, असं कंपन्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असे. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. कूलंट बर्फासाठी असतं, कोकणात पाणी चालतं, हेही चूक. कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि अ‍ॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतं. विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरची वाट लावतं.

घरी हात घालावा तो इथपर्यंत. एअरबॅग, झेनॉन दिव्यांचं हजारो व्होल्टचं वायरिंग आणि एसीचा गॅस यांना हात लावू नका. आणि जॅक लावून खाली जांभ्याचा चिरा ठेवायची सवय सोडा. जांभा भिंतीत पक्का असतो, पण टोकावर भार आला की पूर्वसूचना न देता फुटतो, आणि या गाड्या दीड टनाच्या पुढच्या असतात. मेकॅनिक घोडी म्हणतात ते लोखंडी स्टँड दोन आणा. त्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका.

अजून गाडी घ्यायचीच असेल, तर 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर लक्षात ठेवा. पुराच्या पाण्यात बसलेली गाडी पॉलिश करून विकता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाची रेघ दिसली की निघा.

राहिला "15 वर्षं झाली, आता भंगारात" हा समज. वयावरून गाडी बंद करायचा तो नियम दिल्ली परिसरातला. महाराष्ट्रात खासगी गाडीची तपासणी होऊन, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढते. तपासणीत चेसिस नंबर बघतात, आणि खाऱ्या हवेत तोच गंजून वाचेनासा होतो. त्यावर पॉलिशपेपर चालवू नका, अंक पुसट झाले तर खाडाखोडीचा संशय येतो. जागा मऊ फडक्याने पुसून आजच मेण लावून ठेवा.