धावपर्यटन आणि स्थानिक धावपटूंचा वाटा

लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावण्यासाठी परगावी केलेला प्रवास म्हणजे धावपर्यटन, आणि महाराष्ट्रातील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे २०१२ पासून भरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन होय. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाणाऱ्या या अर्धमॅरेथॉनसाठी, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटरच्या शर्यतीसाठी, दूरदूरच्या शहरांतून हौशी धावपटू येतात. छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे ‘बिब’, अशा शर्यतींत बहुधा आदल्या दिवशी दिला जातो आणि शर्यत सकाळी लवकर सुटते. त्यामुळे परगावच्या धावपटूला एक रात्र मुक्काम करावा लागतो आणि त्याच्या राहण्याजेवणाचा खर्च यजमान गावाच्या पदरात पडतो.

हा पैसा स्थानिक धावपटूपर्यंत मात्र आपोआप पोहोचत नाही, कारण लॉजचालकाला प्रत्येक पाहुण्याकडून उत्पन्न मिळते, तर धावपटूची कमाई पहिल्या काही क्रमांकांच्या बक्षिसांपुरतीच असते. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय धावपटूंसाठी स्वतंत्र बक्षिसे ठेवली जातात, ती यासाठीच मोलाची ठरतात. माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी तेथे २०१२ ते २०१४ या काळात भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिला क्रमांक मिळवला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. तरी त्यांना नियमित उत्पन्नाचा आधार आधी रेल्वेच्या आणि पुढे राज्य शासनाच्या नोकरीनेच दिला.

केनियातील इटेन या गावाने वेगळा मार्ग दाखवला आहे. सुमारे २४०० मीटर उंचीवरील विरळ हवेत सराव केल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात, म्हणून परदेशी धावपटू तेथे अनेक आठवडे राहतात, आणि त्यांच्यासोबत ठरावीक वेगाने धावणारा ‘पेसर’, वाटाड्या किंवा मालिश करणारा म्हणून स्थानिक धावपटूंना स्पर्धा न जिंकताही काम मिळते.

कोकणातील राजापूर तालुक्यातही अशी शर्यत भरवता येईल. या तालुक्याला इटेनची उंची नाही, परंतु जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे, अणुस्कुरा घाट, समुद्रकिनारा आणि कोकण रेल्वेची सोय येथे आहे. दमट हवेमुळे येथील शर्यत हिवाळ्यातील पहाटेच घेणे योग्य ठरेल, आणि देवाचे गोठणे, बारसू येथील कातळशिल्पांना धक्का लागणार नाही असाच मार्ग आखावा लागेल. अशी स्पर्धा उभी करणाऱ्यांनी प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा तालुक्यातील मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी राखावा, स्थानिकांसाठी वेगळी बक्षिसे ठेवावीत आणि पेसर व मार्गदर्शकांची मानधनाची कामे आधी त्यांनाच द्यावीत. कारण गावच्या धावपटूला वर्षभर उभे करणारी शर्यतच गावाची खरी मिळकत ठरते.