बाळ दूध पिताना दमतं का?

गटाच्या बैठकीत आपण बाळाच्या वजनावर, लसीवर बोलतो. आज आम्ही बाळाच्या हृदयाविषयी सांगणार आहोत.

दर 1000 बाळांमागे साधारण 8 ते 9 बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं, कुणाची झडप अरुंद असते. हे नजर लागून होत नाही, ग्रहणात भाजी चिरल्यानंही होत नाही. म्हणून आईला बोल लावू नका.

पहिली खूण दूध पिताना दिसते. बाळ दोन घोट घेऊन थांबतं, धापा टाकतं, कपाळावर घाम येतो. वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो. ओठ, जीभ निळी पडली तर थांबू नका, लगेच 108 ला फोन करा.

ठोक्यांचा आजार वेगळा. मूल ‘छातीत धडधडते’ म्हणतं, नाहीतर पळता पळता बेशुद्ध पडतं. फिट किंवा अंगात आलं समजू नका. ईसीजी काढून घ्या. काहींना औषध पुरतं. ठोके फारच मंद असले तर पेसमेकर बसवतात.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलही आहे. रक्त कमी असलं तरी मूल दमतं, छातीत वेगळा आवाज येतो. म्हणून रक्त तपासतात आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. त्यात सुई नाही, दुखत नाही.

काही लहान छिद्रं आपोआप बुजतात. काही मांडीच्या नसेतून नळी घालून बंद करतात, काहींना ऑपरेशन लागतं. पण ‘मोठं झाल्यावर बघू’ हे धोक्याचं आहे. मोठ्या छिद्रातून जास्तीचं रक्त वर्षानुवर्षं फुप्फुसांत जात राहिलं, तर तिथल्या नसा कडक होतात. मग छिद्र बंद करण्याची वेळच निघून जाते. कोणतं छिद्र थांबू शकतं, हे डॉक्टरच सांगतील.

खर्चाला घाबरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतं आणि पुढच्या उपचाराला पाठवतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही हृदयाची ऑपरेशनं होतात. शेजारच्या छत्तीसगडात, नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं.

अडचण अशी की, रोवणीच्या दिवसांत पथक येऊन जातं आणि मूल आईसोबत बांधीवर असतं. म्हणून सेविकाताईंना तारीख विचारून गटाच्या वहीत लिहा. त्या दिवशी कुणाचं लेकरू सुटलं, ते बघा आणि त्याला सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. आई एकटी असेल, तर गटातली एक बाई सोबत जाऊ द्या.